लेझरसाठी शिंपडलेलं अंगण

चहा आधी संपवून घ्या. हा किस्सा ऐकताना आमच्या एका साडूंच्या नाकातून चहा आला होता, आणि गरम चहा नाकातून येणं काही बरं नसतं.

संपला? मग ऐका. माणसाची फजिती निष्काळजीपणामुळं होते असं सगळे म्हणतात. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती मात्र मी अतिशय काळजीपूर्वक, एकेक गोष्ट तपासून, पाण्याचा सडा टाकून घडवून आणली आहे.

परळीला माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. शिक्षण दहावी, तेही धापा टाकत. बाकी जे काही येतं ते पुस्तकं वाचून आणि वस्तू उघडून शिकलो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. घरोघर केबल आली होती, चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ झाले होते, आणि दुरुस्तीला रेडिओ घेऊन येणारा माणूस दिसला की मी त्याला उठून खुर्ची द्यायचो. म्हणजे माझ्याकडं वेळच वेळ होता.

सुटे भाग आणायला मी रेल्वेनं हैदराबादला जायचो. तिथं एका जुन्या सामानवाल्याकडं काचेची लांब नळी दिसली. कुठल्याशा प्रयोगशाळेच्या भंगारातून आलेली, लेझरची नळी.

"चलती है क्या?" मी विचारलं.

"चलती है साहब. मगर किस काम आती है, वो मत पूछो."

त्या बाबतीत आम्ही दोघं सारखेच होतो. मी नळी घेतली, दुलईत गुंडाळली आणि परळीपर्यंत मांडीवर आणली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी दोनदा विचारलं, लेकरू रडत कसं नाही म्हणून.

मग मी कामाला लागलो. भंगारात गेलेल्या झेरॉक्स मशीनमधून आरशाची पट्टी मिळवली. त्या आरशाची चकाकी काचेच्या मागं नसते, वरच असते, त्यामुळं किरण फाटत नाही. त्याचे नखाएवढे तुकडे कापून दोन स्पीकरच्या पडद्यांवर चिकटवले. स्पीकरला वीज दिली की पडदा हलतो, पडद्याबरोबर आरसा, आणि आरशाबरोबर किरण. एक स्पीकर किरण आडवा हलवणार, दुसरा उभा.

आता स्पीकरनी कसं हलायचं हे सांगायला कॉम्प्युटर. आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यानं एक जुना काढून टाकला होता, तो मी घेतला. त्याच्या प्रिंटरच्या सॉकेटमधून तारा काढल्या आणि पुस्तकात बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकलो. आरसा एका जागी क्षणभर थांबला की तिथं एक किरण दिसतो. पाच जागी थांबत भरभर पळाला, तर डोळ्यांना पाच किरण एकदम दिसतात. सगळी कला त्या थांबण्यात आहे. कुठं किती थांबायचं ते कळेपर्यंत दिवाळी उजाडली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी ते सगळं गच्चीवर मांडलं. अंधार पडला, बटण दाबलं, आणि माझ्या गच्चीवरून लाल रंगाची सरळ रेघ आकाशात गेली. मग दोन झाल्या, मग पंख्यासारख्या उघडल्या. शेजारपाजारचे सगळे आपापल्या गच्चीवर आले. एका म्हातारीनं तर वैजनाथाच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले.

भिंतीवर चित्र काढता येत होतं मला, बेलाचं पान काढून बघितलंही होतं. पण भिंतीवर तर सिनेमावालाही दाखवतो. लेझर म्हणजे हवेत. हवा हाच माझा पडदा, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणायचो. हे वाक्य लक्षात ठेवा.

फक्त एका गोष्टीचा मला वैताग होता. राख.

परळीत राहायचं म्हणजे राखेशी संसार. कोळशावर वीज होते तिथं राख असायचीच. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी झटकावं, तर त्यातून दुसरं धोतर विणता येईल एवढी राख पडायची. थंडीत तर ती वरही जात नाही आणि खालीही बसत नाही, आपल्या तोंडाच्या उंचीवर मुक्काम करते. रोज संध्याकाळी मी स्पिरिटच्या बोळ्यानं आरसे पुसायचो आणि पुसताना म्हणायचो, "ही राख नसती ना, तर माझं लेझर काय दिसलं असतं."

बायको म्हणायची, "राख नसती तर मी ताटं एकदाच धुतली असती. पण माझं कुणी ऐकत न्हाई."

तर असं चाललं असताना माझ्या भाचीचं, शैलाचं लग्न ठरलं. माझी थोरली बहीण, अक्का, गेवराई तालुक्यात चकलांब्याला दिलेली. दाजींची शेती आहे, दावणीला गुरं आहेत. मुलगा घाटनांदूरचा. मुलाचे वडील महालिंगअप्पा तिथले भुसार व्यापारी. माणूस मोठ्या मनाचा, पण मोठ्या आवाजाचाही. ते कामानिमित्त परळीला आले होते, तेव्हा नवरीच्या मामाचं घर बघायला म्हणून आमच्याकडं आले. मी त्यांना गच्चीवर नेलं.

अप्पा बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "हात लावू का?"

"लावा की."

त्यांनी किरणात बोट घातलं. "गरम न्हाई की वो."

"नाही. नुसता उजेड आहे."

"मंग लग्नात बँड कशापायी लावायचा? बँड काय, समदेच लावतेत. हेच लावा. वर कापडाचा मांडव नकोच, ह्या किरणांचाच मांडव करा. आमच्या घाटनांदुरात असलं कुनाच्या बापानं बघितलेलं न्हाई."

मला काय वाटलं असेल तुम्हीच सांगा. ज्या कलेला घरात बायको विचारत नव्हती, तिला लग्नाचं आमंत्रण आलं होतं. मी लगेच हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बूथवरून अक्काचा फोन. "शिवा, मी बँडवाल्याला न्हाई म्हनून कळवलंय. बीडचा बँड हुता, चांगला नावाजलेला. अप्पा गावभर सांगत सुटलेत म्हनं, लेझर हाय लेझर हाय. आता समदं तुज्यावर हाय बाबा."

"अक्का, तू काळजी करू नको."

"काळजी कशी न्हाई करू? फजिती झाली तर तू परळीला निघून जाशील. शैलीला त्या घरात जनम काढायचाय. रोज भाकरीसंगं ऐकावं लागंल तिला, तुझ्या मामाचं लेझर, तुझ्या मामाचं लेझर."

"अगं, इथल्या राखेत एवढं दिसतंय. तुमच्याकडच्या स्वच्छ हवेत दुप्पट दिसेल."

"दुप्पट नको. हाय तेवढंच दिसू दे."

आता विचार केला की वाटतं, त्या संभाषणात शहाणं माणूस एकच होतं, आणि ते फोनच्या दुसऱ्या बाजूला होतं.

मी सामान घेऊन चकलांब्याला थोडा आधीच पोचलो. मंगलाष्टकांची एक टेप मिळवून, तिच्या चालीवर मी प्रोग्रॅम बसवला होता. पहिल्या मंगलाष्टकाला एक किरण. दर मंगलाष्टकाला एकेक वाढत जाणार. शेवटी सगळे किरण कमळासारखे उघडून नवरा-नवरीच्या डोक्यावर मांडव धरणार. कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून किरण डोक्याच्या हातभर वरून जातील अशा बेतानं यंत्र अक्काच्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर ठेवलं. एकदा बटण दाबलं की पुढचं सगळं आपोआप. कारण मला तिथं थांबता येणार नव्हतं. मंगलाष्टकांच्या वेळी मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं.

यंत्राचं झालं. आता हवा.

पहिल्यांदा मी बोहल्यावरचं छत काढायला लावलं. मांडववाला म्हणाला, थंडी आहे, दंव पडेल. मी म्हणालो, पडू दे.

मग दारासमोरच्या वाटेवर फुफाटा होता, घोटा बुडेल एवढा. गाडी गेली की धुरळा अंगणात. मी दाजींना म्हणालो, "इथून तिथपर्यंत पाणी मारायला पाहिजे."

दाजी फार बोलत नाहीत. त्यांनी बैलगाडीवर टाकी चढवली आणि विहिरीवरून पाणी आणून अंगण, बोहल्याभोवतीची जागा, दारापुढची वाट, सगळं भिजवलं. मी पाठोपाठ फिरून कोरडी राहिलेली जागा दाखवत होतो.

मग स्वयंपाकाच्या चुली. त्या वाऱ्याच्या दिशेला होत्या. मी त्या घरामागं हलवल्या. आचारी चिडला. मग जनरेटर. त्याचा काळा धूर यायचा, म्हणून लांबलचक वायर जोडून तो पार गावठाणाच्या टोकाला नेला. मग बिड्या. म्हाताऱ्या मंडळींना हात जोडून सांगितलं, लग्न लागेपर्यंत बिडी ओढू नका, हवा खराब होते.

दाजींनी हातातली बादली खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "मेव्हणं, लग्न हाय का आपरेशन?"

आता राहिली गुरं. गावची गुरं राखणारा भानुदास रोज संध्याकाळी ती अक्काच्या घराशेजारच्या पांदीनंच, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनंच, परत आणायचा. पांदीत पाणी मारणं शक्य नव्हतं, ती लांब ओढ्यापर्यंत जाते. आणि लग्नाचा मुहूर्त होता गोरजाचा.

गोरज म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? संध्याकाळी घरी परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडते ती धूळ. ती वेळ लग्नाला शुभ मानतात. आणि मी गोरज मुहूर्ताच्या लग्नातून गोरज हद्दपार करायला निघालो होतो. काय होणार ते तुमच्या ध्यानात आलं असेल तर गप्प बसा, शेजारच्याला ऐकू द्या.

मी भानुदासला गाठलं. "आज गुरं ओढ्यापलीकडंच थांबव."

"कवर?"

"लग्न लागेपर्यंत."

"मला तिथं कसं कळंल लागलं म्हनून?"

"लाऊडस्पीकरवर मंगलाष्टका ऐकू येतील. मग वर बघ. लाल किरण दिसतील. ते दिसतायत तोवर थांबायचं. विझले की गुरं सोडायची."

भानुदासनं डोकं खाजवलं. "आन् मंगलाष्टका ऐकू आल्या, पन किरन दिसलेच न्हाईत तर?"

"तर लग्न लागून गेलं आणि नुसती टेप वाजतेय असं समज. सोडून दे गुरं."

"बरं. दिसलं तर थांबायचं, न्हाई दिसलं तर सोडायचं."

"शाबास," मी म्हणालो. इतकी स्वच्छ सूचना त्याला जन्मात कुणी दिली नसेल, असंही मला वाटलं.

संध्याकाळ झाली. वऱ्हाडाचा टेंपो वाटेत बंद पडला, त्यामुळं मुहूर्त कागदावरच राहिला आणि मंडळी आली तेव्हा चांगला अंधार पडला होता. मला ते बरंच वाटलं. मारुतीच्या देवळापासून नवरदेव निघाला. पण बँड नाही. ताशासुद्धा नाही. नव्या बुटांचा करकर आवाज तेवढा येत होता. वरात इतकी चुपचाप आली की गावची कुत्रीदेखील उठली नाहीत. घाटनांदूरच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या, आणि अप्पा मागं वळून वळून मोठ्यानं सांगत होते, "थांबा की. पुढं बघा काय हाय ते."

अक्का माझ्याजवळ आली. तिनं फक्त माझा दंड धरला आणि सोडला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

अंतरपाट धरला. लग्न लावणाऱ्या स्वामींनी माइक घेतला. मी माळवदावर जाऊन बटण दाबलं, नळी पेटली, आरसे हलायला लागले, सगळं ठाकठीक. धावत खाली येऊन शैलाच्या मागं उभा राहिलो आणि मान वर केली.

वर काही नव्हतं.

हवा तर अशी स्वच्छ होती की काय सांगू. धुऊन वाळत घातल्यासारखी. त्या हवेत माझ्या किरणाचा मागमूसही नव्हता.

"सावधान" झालं, अक्षता पडल्या. शैलानं मान न वळवता हळूच विचारलं, "मामा, सुरू झालं का?"

"झालं."

"कुठंय?"

मी म्हणालो, "तू समोर बघ."

समोर अंतरपाट होता, पण दुसरं काय सांगणार?

अप्पा पलीकडून माझ्याकडं बघत होते. त्यांच्यामागं सगळं घाटनांदूर. मला वाटलं, मांडवातल्या बल्बांचा उजेड नडतोय. मी दाजींना खूण केली आणि दाजींनी दिवे बंद केले. गडद अंधार झाला. कुठंतरी एक लेकरू रडायला लागलं. स्वामींना पाठ होतं म्हणून मंगलाष्टक चालू राहिलं. सगळ्यांनी माना वर केल्या.

अंधारातून अप्पांचा आवाज आला. "चांदन्या लई झ्याक दिसालेत. ह्या तुमच्याच का, शिवाअप्पा?"

घाटनांदूर हसलं. चकलांबा गप्प बसला. आणि माझ्या पुढ्यात उभ्या असलेल्या शैलाचे खांदे थोडे खाली गेले, ते मला अंधारातही कळलं. हसण्यावारी नेता येईना ते तेवढंच.

मला सिद्ध करायचं होतं की लेझर चालू आहे. मी पंजा उंच केला. बरोबर, माझ्या तळहातावर लाल ठिपके पडले. "हे बघा," मी म्हणालो, "आहे. इथं आहे."

"हाताला लाल तर कुंकवानं बी हुतंय," अप्पा म्हणाले.

स्वामींनी माइकवर हात ठेवला. "शिवाअप्पा, हात खाली घ्या. आशीर्वाद द्यायचं काम माझं हाय."

मी हात खाली घेतला.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथं देवानं मला एक संधी दिली होती. बोहल्याला लागूनच बाजेवर नवरदेवाचे आजोबा बसले होते. अंधार झालेला बघून त्यांनी गुपचूप बिडी पेटवली. एक झुरका घेतला, धूर वर सोडला, आणि त्यांच्या फेट्याच्या वर, त्या धुरात, बोटभर लांबीची लालभडक रेघ चमकली.

"आरं," आजोबा म्हणाले, "माझ्या धुरात लाल अळी हाय."

मी काय केलं असेल? मी नवरीला सोडून वाकलो, आणि हात जोडून म्हणालो, "आजोबा, बिडी विझवा हो. तुमच्या धुरामुळंच दिसत नाहीये."

आजोबांनी बिचाऱ्यांनी विझवली. अळी गेली.

माझं त्या क्षणीचं ज्ञान असं होतं. आणि हा माणूस चारचौघांत सांगायचा की हवा हाच माझा पडदा.

स्वामींच्या मंगलाष्टका संपत आल्या. अक्का बोहल्याच्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. तेवढ्यात घाटनांदूरच्या एक आत्या पुढं झाल्या. त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक आणलं होतं. त्यात दोन्ही घराण्यांतल्या सगळ्यांची नावं होती, मयतांसकट. लोक उभ्याउभ्या वजन या पायावरून त्या पायावर टाकायला लागले. मला मात्र ते कधी संपू नये असं वाटत होतं, कारण ते संपलं की लग्न लागणार, दिवे लागणार आणि सगळ्यांना माझं तोंड दिसणार.

आत्या चुलत सासऱ्यांपर्यंत पोचल्या होत्या, तेव्हा लांबून घंटा ऐकू आल्या.

आधी वाटलं देवळातल्या. मग एक वासरू हंबरलं, दावणीला बांधलेलं. त्याला पांदीतून उत्तर आलं. एक नाही, अनेक. मग जमीन हलल्यासारखी झाली.

भानुदासनं आज्ञा तंतोतंत पाळली होती. मंगलाष्टका ऐकल्या, वर बघितलं, किरण नाहीत, गुरं सोडली. आणि नेहमीपेक्षा कितीतरी उशीर झालेला; गाईंच्या कासा भरलेल्या, घरी वासरं ओरडतायत. ती गुरं चालत आली नाहीत, पळत आली. अख्खी पांद फुफाट्यासकट उठली आणि अक्काच्या अंगणावरून गेली.

लोक खोकायला लागले. कुणीतरी "गुरं, गुरं" म्हणून ओरडलं. मी डोळे मिटले. मिटता मिटता ऐकलं, आत्या गप्प झाल्या आहेत.

आत्या गप्प झाल्या म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार. मी डोळे उघडले.

डोक्यावर मांडव होता. लाल किरणांचा, कमळासारखा पूर्ण उघडलेला, माळवदापासून पार बोहल्याच्या पलीकडं गेलेला. प्रत्येक किरणात धुळीचे कण पेटल्यासारखे वाहत होते. धुरळ्याची लाट आली की मांडव भरून यायचा, गेली की विरळ व्हायचा, आणि पुन्हा भरायचा. गच्चीवर इतके दिवस केलं, पण असं मी स्वतःसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

अंतरपाट धरलेल्या दोघांनी वर बघता बघता अंतरपाटच सोडून दिला. नवरा-नवरी एकमेकांसमोर उघडी पडली. स्वामींनी प्रसंग ओळखून घाईघाईनं शेवटचं "सावधान" म्हटलं आणि लग्न लागलं. आत्यांचं मंगलाष्टक चुलत सासऱ्यांवरच थांबलं. त्याबद्दल नंतर दोन्हीकडच्या मंडळींनी माझे वेगवेगळे आभार मानले.

मी तोंड उघडं टाकून उभा होतो, त्यामुळं तोंडात धूळ गेली. दाताखाली कचकच लागली. आणि ती कचकच ओळखीची होती. रोज परळीत भाकरीबरोबर लागते, तीच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिला पुसून पुसून मी बोटांची कातडी घालवली, जिला रोज शिव्या दिल्या, तीच राख इतके दिवस माझं लेझर दाखवत होती. उजेडाला दिसायला काहीतरी लागतं, कुठं तरी आपटावं लागतं. आणि मी चकलांब्याला येऊन त्याच्या वाटेतला कणन् कण पाणी मारून खाली बसवला होता.

दिवे लागले. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. एक गाय दारातली केळीची पानं खात होती. महालिंगअप्पा धुरळ्यातून माझ्याकडं आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"मानलं, शिवाअप्पा. गोरज मुहूर्ताला खरंखुरं गोरज आनलंत. आदी अंधार केलात, मंग आमची मस्करी करून घेतलीत, आन् नेमक्या वक्ताला गुरं सोडलीत. असलं डोकं कुठं मिळायचं न्हाई."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण अक्का मध्ये आली होती. "माझा भाऊ लई बारीक इचार करतो," ती म्हणाली, आणि पदराआडून माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की मी पुढचे दोन दिवस बारीकच विचार केला.

शैला हसत होती. तिच्या मुंडावळ्यांवर धूळ बसली होती. बस, मला एवढंच हवं होतं.

पंगतीत दाजी माझ्या शेजारी बसले. दिवसभर पाणी वाहून त्यांचे हात सोलले होते. त्यांनी भाताचा घास घेतला, दाताखाली कचकच लागली, थोडा वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मेव्हणं, पानी मारलं नसतं तर पयल्यापासनंच दिसलं असतं, न्हाई का?"

मी वरणात बघत म्हणालो, "होय दाजी."

"बरं," दाजी म्हणाले. "धाकटीच्या लग्नाला येताना परळीवरनं पोतंभर राख आना. पानी मी वाहनार न्हाई."

आता तुम्ही म्हणाल संपला किस्सा. नाही. माझी खरी किंमत मला पुढच्या महिन्यात कळली.

महालिंगअप्पा दुकानात आले. म्हणाले, "शिवरातीला घाटनांदुरात कार्यक्रम ठेवायचाय. चकलांब्याला झाला तसाच."

मी खूश. आता आपण कलाकार झालो. म्हणालो, "ठेवा की. मी मोकळाच आहे."

"तुमी मोकळे असनारच वो," अप्पा म्हणाले. "भानुदास मोकळा हाय का ते इचारा. लेझर काय, येक बटन हाय, आमचं कुनीबी दाबंल. पन गुरं बरोबर वक्ताला सोडायची म्हंजे कला लागते."

मी बूथवर जाऊन दाजींना फोन लावला आणि निरोप दिला. संध्याकाळी दाजींचा उलट फोन आला.

"भानुदास येतो म्हनतोय," दाजी म्हणाले. "पन घाटनांदूरची गुरं त्याला नवखी. मागनं हाकायला येक मानूस पायजे म्हनतोय. तुमी मोकळे हायेत का?"